सातव्या खाचरातलं पाणी

सातवं खाचर कोरडं पडलं, हे घरात सगळ्यांना सकाळीच कळलं होतं. कळलेलं नाही असं वागायचं, हे मात्र कुणी ठरवलं नव्हतं. तरीही टोमॅटोच्या अर्ध्या पेट्या रिकाम्या होईपर्यंत फाव्हारोंच्या शेडमध्ये त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

मार्चमधला सॉसचा रविवार होता. या दिवशी फाव्हारोंच्या घरात भांडायला बंदी नसे, फक्त सवड नसे. ल्यूचो टोमॅटो गाळायच्या यंत्राचं हँडल फिरवत होता. त्याचा थोरला भाऊ दारिओ ड्रमखाली लाकडं सारत होता. म्हातारे ओरेस्ते खुर्चीत बसून भरलेल्या बाटल्यांना झाकणं ठोकत होते. आणि दारिओची बायको फ्लाविया टोमॅटो चिरता चिरता प्रत्येकाच्या चेहऱ्याची नोंद घेत होती. ती तिची जुनी खोड. कुणी कुणाला कधी सांभाळून घेतलं आणि ते अजून फिटलंय की नाही, याचं एकेकाचं खातं तिच्या डोक्यात कायम उघडं असे. मागच्या हिवाळ्यात कालव्याकडच्या जमिनीवरून भावाभावांत जुंपली, तेव्हा आधी कोण काय बोललं होतं हे विचारायला दोघेही शेवटी तिच्याकडेच आले होते.

आज तिला सगळ्यांची खाती दिसत होती. आपल्या खात्याकडे तेवढं बघवत नव्हतं.

तिची मुलगी नादिया नळाखाली बाटल्या धूत पाठमोरी उभी होती. एकच बाटली ती बराच वेळ धूत होती.

"चार वाजता पक्षी बघायला माणसं येणार," ल्यूचो हँडल थांबवून म्हणाला. "त्यांना दाखवायचं काय आपण? कोल्ह्याची पावलं?"

"ल्यूचो," दारिओ म्हणाला.

"का? मी बघून आलोय, तू नाही. चिखलभर पावलंच पावलं. घरट्यापाशी थोडी लव पडलीय, तपकिरी. बाकी काही नाही. ताट चाटूनपुसून गेलाय."

नळ बंद झाला. मग पुन्हा सुरू झाला.

तापस पक्ष्याला या घरात पूर्वी नाव नव्हतं. पहाटे भातातून बैलासारखा घुमणारा कुणीतरी, एवढीच त्याची ओळख. आणि पोरं जेवली नाहीत की त्याचं भय दाखवायचं, एवढाच उपयोग. नादिया शिकून परत आली आणि सांगायला लागली की हा पक्षी जगात उरलाय थोडा, आणि त्यातला बराचसा वीण करतो तो आपल्या भातात. फक्त पिल्लं उडेपर्यंत पाणी राहिलं पाहिजे. पाणी आटलं की कोल्हा चालत आत जातो. मग तिने दारोदार फिरून प्रत्येकाकडे एकेक खाचर मागितलं. कोलिअँबली गावच्या कालव्यावरचे शेतकरी कुणाला सहजासहजी हो म्हणणारे नव्हेत. पहिला होकार तिला घरातच मिळाला, बापाकडून. फाटकावर पाटी लागली, तिच्यावर चोच आभाळाकडे करून उभा असलेला तापस. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी पाटीपाशी फोटो काढले. तीन हंगाम फाव्हारोंनी त्या पाटीच्या जिवावर बरंच कौतुक गोळा केलं होतं.

"पाटी लावायच्या आधी आपण बरे लोक होतो," ओरेस्ते झाकण ठोकत म्हणाले. "बदकांवर बार टाकायचो, सगळ्यांना माहीत असायचं. कुणाला तोंड लपवायची पाळी येत नव्हती."

"पापा, आता बदकं मध्ये आणू नका," दारिओ म्हणाला.

"मग काय आणू? तुझी अक्कल?"

"अक्कल नाही, हौस," ल्यूचो म्हणाला. "पहिल्या गाडीची हौस. एकपासून सहापर्यंत फळ्या काढून पाणी सोडलंस तू. अजून आठ-दहा दिवस थांबला असतास तर काय दाणा काळा पडत होता?"

दारिओने ड्रमखाली आणखी एक लाकूड सारलं. हंगामातली भाताची पहिली गाडी जो गिरणीत पोचवतो, त्याचा फोटो गावातल्या क्लबच्या भिंतीवर लागतो. बक्षीस नाही, हार नाही, नुसता फोटो. पण त्यापायी शेजारी शेजाऱ्याशी हंगामभर बोलत नाहीत. ओरेस्तेंचे तिथे काळ्या केसांपासूनचे फोटो आहेत. अलीकडे शेजारच्या मर्व थर्लोचे जास्त. या वर्षी डॉक्टरांनी म्हाताऱ्याच्या छातीचा फोटो काढून मान हलवल्यापासून दारिओच्या मनात एकच होतं: त्या भिंतीवर बापाचा आणखी एक फोटो लागला पाहिजे. म्हणून त्याने लवकर पाणी सोडलं. सातव्या खाचराची फळी त्याने जागेवरच ठेवली. शब्द दिला होता ना. पण सातला पाणी मिळतं ते सहामधूनच. सहा कोरडं झाल्यावर सात फक्त शिलकीवर जगणार, हे दारिओला न समजण्यासारखं नव्हतं. त्याने शिलकीचा अंदाज आपल्या सोयीने धरला होता, इतकंच.

"मी कुणाला सांगितलं नव्हतं गाडी आण म्हणून," ओरेस्ते म्हणाले.

"तुम्ही सांगत नाही, पापा," ल्यूचो म्हणाला. "तुम्ही क्लबात जेवताना फक्त त्या भिंतीकडे तोंड करून बसता."

"बास!" नादिया काकाकडे वळली. तिचे हात कोपरापर्यंत ओले होते आणि डोळे रडून गेलेल्या माणसाचे असतात तसे कोरडे. "झिओ ल्यूचो, माझ्या पापांना बोलू नका. मी पण सकाळपासून त्यांनाच मनात शिव्या देतेय. पण ते बरोबर नाही. सहा खाचरं त्यांची होती, त्यांनी सोडली. सातमध्ये शुक्रवारी पाणी होतं."

"कोण म्हणतं?"

"ममा. मी दुसऱ्यांच्या शेतांवर पक्षी मोजत होते, म्हणून फोन केला होता. ती स्वतः जाऊन बघून आली. मोप पाणी होतं. पिल्लंही बघितली तिने." नादिया एकेक शब्द वजन करून ठेवत होती. "म्हणजे झालं ते शुक्रवारनंतर. सहाच्या बाजूचा बांध याबी झिंग्यांनी पोखरलेला आहे. बिळांतून पाणी रात्रीत उतरलं असणार. हे कुणाच्याही शेतात होतं. यात कुणाचा दोष नाही."

पोरीची बेरीज चोख होती. आकडा खोटा होता, आणि तो फ्लावियाने दिला होता.

शुक्रवारी गरम वारा सुटला होता. फ्लाविया याच शेडमध्ये बाटल्यांच्या पेट्या उतरवत होती. सातवं खाचर शिवाराच्या पार टोकाला. "ममा, पापा फोन उचलत नाहीत. जरा गाडी काढून बघून येतेस?" "येते." ती गेली नाही. आधी पेट्या, मग ड्रम, मग पाय दुखत होते. फोन पुन्हा वाजला तेव्हा ती सिंकपाशी उभी होती. "आहे गं पाणी. मोप आहे." पलीकडे नादियाने सोडलेला श्वास तिला ऐकू आला, आणि तो इतका गोड वाटला की तिने आणखी एक वाक्य पुढे केलं. "पिल्लंही दिसली. माना वर करून उभी होती." चित्र पाटीवरचंच होतं. बाजारात न जाता आणलेली ती भेट मुलीने दोन्ही हातांनी घेतली.

"खरंच?" ल्यूचोने आता फ्लावियाकडे पाहिलं. "तू बघितलंस शुक्रवारी?"

सगळ्यांचे हात थांबले. फ्लाविया सुरीला लागलेलं साल काढत राहिली.

"हो," ती म्हणाली.

मग शेडमध्ये जे झालं ते बघण्यासारखं होतं. ल्यूचोचा आवाज एकदम उतरला. "मग वेगळं," तो म्हणाला, आणि हँडल जोरात फिरवायला लागला. ओरेस्तेंना जुना विषय सापडला. "तो बांध नव्याने घाला म्हणून मी किती वर्षं ओरडतोय? याबी काय आज आलेत? माझ्या बापाने तो बांध घातला तेव्हा..." सकाळपासून एकमेकांकडे पाठ करून बसलेली माणसं याबींवर तुटून पडली. त्या बिचाऱ्या झिंग्यांना उत्तर देता येत नव्हतं. कुणीतरी हसलंसुद्धा. दारिओने बापाला पाणी दिलं. एका खोट्या शब्दावर एवढं मोठं घर पुन्हा उभं राहिलेलं फ्लावियाने कधी पाहिलं नव्हतं. आणि आता तो शब्द काढून घ्यायचा म्हणजे कुणाच्या डोक्यावर काय पडेल, याचा हिशेब तिला लागेना.

ती रिकाम्या पेट्या मागे टाकायला गेली, तर दारिओ मागोमाग आला.

"उपकार झाले तुझे," तो हळूच म्हणाला.

"कसले?"

"कळलं नाही असं दाखवू नकोस. गुरुवारीच तळ दिसायला लागला होता सातचा. शुक्रवारी पंप लावणार होतो. पट्टा तुटला, मग..." त्याने हात झटकला. "तू गेलीच नाहीस तिकडे. मला माहीतेय. पोरीला तसं सांगितलंस, माझ्यासाठी."

लग्न झाल्यापासून दारिओने तिच्याकडे इतक्या मायेने क्वचितच पाहिलं असेल. फ्लावियाला वाटलं, हातातली पेटी त्याच्या पायावर टाकावी.

"गुरुवारी तुला माहीत होतं?"

"पंप लावणारच होतो गं."

"आणि मी तुझ्यासाठी सांगितलं असं वाटतं तुला?"

"मग कशासाठी?"

पाय दुखत होते म्हणून, हे कारण एवढ्या मोठ्या गोष्टीला फार लहान पडत होतं. दोघं टोमॅटोच्या वासात उभी राहिली, एकमेकांना न विचारता एकाच चोरीत भागीदार झालेली.

"जाऊ दे," दारिओ म्हणाला. "आता तेच धरून राहू. पोर जरा सावरलीय."

पाहुणे वेळेवर आले. गाड्यांची रांग फाटकातून, पाटीजवळून, आत आली. सगळ्यांत पुढे मर्व थर्लो. मर्व हा ओरेस्तेंचा जन्माचा शेजारी आणि त्या भिंतीवरचा जन्माचा वैरी. पहिल्या वर्षी नादिया त्याच्याकडे खाचर मागायला गेली तेव्हा तो म्हणाला होता, "पोरी, पाखरं पाळायची तर मी पिंजरा आणला असता." दुसऱ्या वर्षी काही न बोलता एक खाचर दिलं. या वर्षी तो रोज संध्याकाळी बांधावर खुर्ची टाकून बसतो, असं त्याची बायको सगळ्यांना सांगत फिरत होती.

"काय म्हाताऱ्या," तो ओरेस्तेंना म्हणाला, "अजून आहेस?"

"तुझा फोटो उतरवल्याशिवाय जायचो नाही," ओरेस्ते म्हणाले.

नादियाने कुणालाच बसू दिलं नाही. ती अंगणात सगळ्यांसमोर उभी राहिली आणि तिने सरळ सांगितलं. सात कोरडं पडलंय. पिल्लं गेली. शुक्रवारी पाणी होतं, नंतर बांधातून गळालं असावं. बांध तपासायला हवा होता तो आम्ही तपासला नाही. ती चूक आमची.

लोक चांगले वागले. तेच फ्लावियाला सोसेना. कुणी म्हणालं, याबींना कोण आवरणार. कुणी म्हणालं, आमच्याकडेही मागच्या वर्षी असंच झालं होतं. एका बाईने नादियाच्या पाठीवर हात ठेवला. एकानेही सहा खाचरांकडे, त्यांच्या भेगा पडलेल्या जमिनीकडे बोट दाखवलं नाही. येताना दिसली असणार सगळ्यांना.

"शुक्रवारी होतं ना पाणी," मर्व म्हणाला. त्याने टोपी काढून डोकं खाजवलं. "त्यावर तर मी अडकलो. मी निघालो होतो फळ्या काढायला. ओरेस्तेची जमीन सुकताना बघत होतो ना, राहवेना. तेवढ्यात या पोरीचा फोन. म्हणाली, माझ्या आईने आत्ता पिल्लं बघितली, तुमचीही असतील, थोडं थांबा. म्हटलं, पहिल्या गाडीचे फाव्हारो एक खाचर धरून बसलेत, आणि मी सोडू? सगळ्या खाचरांच्या फळ्या तशाच ठेवल्या. आता माझी गाडी निघणार सगळ्यांच्या शेवटी."

लोक हसले. मर्व हसला नाही. तो फ्लावियाकडे वळला.

"फ्लाविया, एक सांग. केवढी होती गं ती पिल्लं? पंखांवर पिसं आली होती का? माझ्याकडच्यांच्या अंगावर अजून नुसती लव आहे. पण तुमचं घरटं माझ्या आधीचं. पिसं आली असतील तर एखाददुसरं उडून गेलंही असेल. कोल्ह्याला काय सगळीच सापडतात?"

तो उलटतपासणी करत नव्हता. आशेने विचारत होता. आणि नादियाने, दिवसभरात पहिल्यांदा, आईकडे चेहरा करून पाहिलं. ही शक्यता तिच्या डोक्यात आलीच नव्हती. तिचे ओठ किंचित उघडले होते, फोनवर श्वास सोडला तेव्हा असेच उघडले असतील.

हो म्हणायला काहीच लागलं नसतं. होती पिसं. चांगली होती. दारिओ तिच्याकडे बघत होता. त्याने होकारार्थी मानही हलवली, अगदी थोडी. फ्लावियाच्या तोंडात ते वाक्य तयार होऊन आलं, पहिल्यासारखंच आयतं आणि गोड, आणि त्याची तिला शिसारी आली.

"मी गेले नव्हते," ती म्हणाली.

"कुठे?"

"सातवर. शुक्रवारी मी गेलेच नाही. फोनवर सांगितलं ते घरात उभी राहून सांगितलं. पाणी होतं की नव्हतं, मला ठाऊक नाही. पिल्लं मी या जन्मात बघितलेली नाहीत."

अंगणात कुणाच्या तरी गाडीचं इंजिन टिकटिक करत थंड होत होतं.

"ऊन," ल्यूचो घाईने म्हणाला. "सकाळपासून ड्रमपाशी उभी आहे, ऊन लागलंय तिला. आत या सगळे, वाइन—"

"गुरुवारीच आटायला लागलं होतं," दारिओ म्हणाला. तो जमिनीकडे बघून बोलत होता. "मी बघितलं होतं."

ज्या बाईने मघाशी नादियाच्या पाठीवर हात ठेवला होता, तिने तो काढून घेतला. कुठे ठेवावा ते तिला कळेना. ओरेस्ते खुर्चीच्या दांड्यावर जोर देऊन उठले. इतक्या लोकांसमोर या घराने कधी खाली मान घातली नव्हती, आणि घालायची कशी हेही त्यांना ठाऊक नव्हतं. म्हणून ते ओरडले.

"थर्लो! यंदाची पहिली गाडी तुझी. आमची शेडमध्येच राहील. सगळ्यांदेखत सांगतो."

"माझ्या खाचरांत घोट्याएवढं पाणी आहे, म्हाताऱ्या," मर्व म्हणाला. "गाडी कसली काढतोस."

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर निदान त्याला उत्तर देता आलं असतं. त्याने टोपी डोक्यावर ठेवली.

"पोरी," तो नादियाला म्हणाला, "माणसं पक्षी बघायला आलीत. माझ्याकडे आहेत. चल."

नादिया आईजवळून सरळ पुढे गेली आणि मर्वच्या गाडीत बसली. गाड्या वळल्या. दारिओ बापाला खुर्चीत बसवायला थांबला. ये, असं फ्लावियाला कुणी म्हणालं नाही. येऊ नको, असंही म्हणालं नाही. शेवटच्या गाडीत एक जागा होती, तिच्यात ती बसली. टोमॅटोने माखलेले हात तसेच होते.

थर्लोंच्या बांधावर माणसं एका ओळीत उभी राहिली. बोलायचं नाही, हलायचं नाही, मर्वने तंबी दिली होती. नादियाची दुर्बीण हातोहात पुढे सरकत होती. कुणी मान डोलवून हसे, कुणी "अरे वा" पुटपुटे. फ्लावियाच्या शेजारच्या माणसाला नक्कीच काही दिसलं नव्हतं. पण त्याने समाधानाने मान हलवली आणि दुर्बीण तिच्या हातात दिली.

तिने डोळ्यांना लावली. पिवळं पडायला लागलेलं भात. ओंब्यांनी वाकलेली ताटं, त्यांच्या बुडाशी काळंशार पाणी. पाण्यावर दोन चतुर. ताटं आणि ताटं.

नादिया तिच्यामागे येऊन उभी राहिली होती.

"दिसलं?"

"नाही."

"तो वाळका बुंधा आहे ना, त्याच्या डावीकडे."

फ्लावियाने बुंधा शोधला. डावीकडे गेली. फार मन लावून पाहिलं. पाणी दिसलं, ताटं दिसली. "हां, दिसलं" म्हटलं असतं तर पोर कदाचित खांद्याला खांदा लावून उभी राहिली असती.

"नाही गं. मला काहीच दिसत नाही."

लोक बांधावरून परतायला लागले होते. मर्व पुढे जाऊन कुणाला तरी फळी दाखवत होता.

"मग थांब इथे," नादिया म्हणाली. "दिसेपर्यंत थांब."

ती गेली. दुर्बीण तिने मागितली नाही. आवाज हळूहळू लांब गेले, गाड्यांची दारं लागली, कुणीतरी तिला हाक मारायची की नाही असं विचारलं आणि नादियाने काहीतरी उत्तर दिलं. फ्लावियाने मागे वळून पाहिलं नाही. तिने बुंधा पुन्हा शोधला आणि डावीकडे बघत राहिली.